देखणा बगळा

"हा असा ताठ कशाला केलास गं? भांडायला उठलेल्या शेजारणीसारखा दिसतोय," धाकटा म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खो खो हसला.

ताई हसली नाही. ब्रश फडक्याला पुसत ती टेबलाकडे बघत राहिली. टेबलावर दोन राखी बगळे उभे होते, दोन्ही तिच्या हातचे, रंग नुकता वाळलेला. एकाची मान उंच ताणलेली, चोच वर, अंगावरची पिसं फुललेली. दुसऱ्यानं मान खांद्यांत मुडपून घेतली होती, एक पाय पोटाशी धरला होता, आणि डोक्यामागचा काळा तुरा मानेवर अलगद टेकला होता. बागेत ठेवायच्या शोभेच्या वस्तू करण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पण या दुसऱ्यावर तिनं जरा जास्तच जीव ओतला होता.

"बगळे नको झालेत ना तुला तळ्यावर?" तिनं विचारलं.

"नको म्हणजे काय! एक मेला रोज पहाटे येतो आणि मासा उचलून जातो. जाळी टाकावी तर मासे दिसत नाहीत. उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय, सगळे रंगीत मासे एकदम नेणारं. वर्षाची मेहनत आहे ताई. मला सांगितलंय एकानं, जिथं एक बगळा उभा असतो तिथं दुसरा उतरत नाही."

"तो कसा उभा आहे, त्यावर असतं ते."

धाकट्याचं लक्ष नव्हतं. ताईचं बोलणं एका कानानं ऐकायचं ही त्याची जुनी सवय. त्याचा हात मान मुडपलेल्या बगळ्याच्या पाठीवरून फिरत होता. "हा दे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतही भरेल."

"नक्की हाच?"

"हाच. तो दुसरा ठेव तुझ्याकडे, तुला शोभतो."

दोन्हींतला देखणा असेल तोच धाकटा उचलणार, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ताटातला मोठा घास, खिडकीजवळची जागा, वडिलांच्या दोन तळ्यांतलं भरल्या पाण्याचं तळं. तिनं बगळा जुन्या चादरीत नीट गुंडाळून त्याच्या हातात दिला.

तिच्याही तळ्यात मासे होते तेव्हा तिनं बगळे पुरते ओळखून घेतले होते. मान ताणून, पिसं फुलवून उभा असलेला बगळा वरून जाणाऱ्याला बजावत असतो, ही जागा माझी, पुढं हो. मान मुडपून एका पायावर उभा असला की वरच्याला वेगळंच कळतं. इथं भीती नाही, पोटभर आहे, उतर खाली. एकदा असा एक निवांत उभा राहिला, की बघता बघता दुसरे येतात.

मागच्या उन्हाळ्यात नवे मासे सोडण्याआधी धाकट्यानं आपल्या तळ्यात शेवाळ मारायचं औषध घातलं, आणि ते पाणी उपसायचा कंटाळा आला म्हणून दोन तळ्यांमधली लोखंडी झडप उघडून तिच्याकडे सोडून दिलं. सकाळी तिचे सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. तो काठावर येऊन हळहळला होता. चारचौघांत सांगत फिरला होता, "ताईनं खायला जास्त घातलं. माया हो तिची, दुसरं काय." लोकांनी तिलाच समजावलं. झडपेखालच्या तिच्या बाजूच्या दगडांवर औषधाचा निळा डाग होता. तो तिनं आजपर्यंत घासला नव्हता.

सकाळी ती चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसली. उजाडतच होतं. भिंतीपलीकडे, धाकट्याच्या तळ्यावर, मोठे पंख फडफडले. मग पुन्हा. मग कितीतरी. तिनं शांतपणे एक घोट घेतला. इतका गोड चहा तिला वर्षभरात लागला नव्हता.

पलीकडं दार आपटलं. थाळी बडवल्याचा आवाज, शिव्या, पाण्यात कोणीतरी धपकन उतरल्याचा आवाज. बगळे उडत होते, एक चक्कर मारत होते आणि पुन्हा तिथंच उतरत होते. गाडी येऊन थांबल्याचं तिनं ऐकलं. थोड्या वेळानं तीच गाडी निघून गेल्याचंही ऐकलं.

मग भिंतीवर धाकट्याचं डोकं आलं. केस ओले, चेहरा पांढराफटक.

"ताई, तू बगळा एकच दिला होतास ना?"

"एकच."

"मग हे इतके का आले गं? एक मासा धड ठेवला नाही! का आले?"

ताईनं कप पायरीवर ठेवला. हे वाक्य तिनं वर्षभर जपून ठेवलं होतं. आवाज न चढवता, अगदी त्याच्यासारखंच हळहळत ती म्हणाली, "तू खायला जास्त घातलं असशील रे. माया तुझी, दुसरं काय."

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर खाली झडपेवर गेली, तिथून निळ्या दगडांवर गेली, आणि तिथंच थांबली. डोकं भिंतीमागं गेलं.

पलीकडून हुसकलेला एक बगळा भिंत ओलांडून आला आणि तिच्या तळ्याच्या काठी उतरला. मान लांबवून तो पाण्यात बघू लागला. पाण्यात काहीच नव्हतं. तो बघत राहिला. तीही बघत राहिली. चहा निवला तरी तिनं त्याला हाकललं नाही.