चार दहाचं टपाल

चार वाजून दहा मिनिटांनी मॉडेमचा दिवा पुन्हा लुकलुकला. मधुमतीचे दोन्ही हात मांडीवर होते. पडद्याच्या कोपऱ्यात इवलीशी खिडकी उघडली आणि बंद झाली. दोन केबी बाहेर गेले. तिनं वही ओढली, वेळ लिहिली, वजन लिहिलं. 'कोणी पाठवलं' या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं. ते नववं होतं.

लग्नाआधी ती साताऱ्याला जिल्हा परिषदेत बारनिशीला होती. सहा वर्षं तिनं आवक-जावक सांभाळली. जावक क्रमांक पडल्याशिवाय तिच्या टेबलावरून चिठोरंही बाहेर गेलं नाही. मग जयंत पंडितांशी लग्न झालं. ते विमा कंपनीत अधिकारी. नोकरी सुटली, बदल्या होत गेल्या आणि चौथ्या बदलीत जयपूरचं तिलक नगर आलं.

दोन महिन्यांपूर्वी सीतापुऱ्यातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात तिनं अर्ज केला होता. काम तिच्या हातचं होतं, परदेशी जाणाऱ्या मालाच्या रवानगीचं. मुलाखतीचं बोलावणंही आलं. नंतर सगळं गप्प. तिनं फोन केला तेव्हा तिकडची बाई म्हणाली, "मॅडम, आपने ही तो मेल किया था कि घर की जिम्मेदारी है, नहीं आ पाऊँगी."

मधुमतीनं असं काही लिहिलं नव्हतं. तिच्या नावानं, तिच्याच खात्यातून एक पत्र बाहेर गेलं होतं.

"इंटरनेटवर चोरच चोर आहेत," जयंत म्हणाले. "तू नको ते उघडत बसतेस. सोड तो नाद."

तिनं नाद सोडला नाही. संगणकाच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिनं एक पहारेकरी प्रोग्रॅम घातला. यंत्रातून काहीही इंटरनेटवर निघालं की तो वर्दी द्यायचा. दोनशे पानी वहीत तिनं रकाने आखले. जयंतांनी वही चाळली आणि मनसोक्त हसले. "आता यंत्राचीही बारनिशी? अगं, लोक दाराला कुलूप लावतात. तू धुराड्यावर पहारा ठेवतेस!"

ती एकेक संशयित बाजूला काढत गेली. एक दिवस व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम बंद ठेवला. एक दिवस प्रिंटरची तार उपसली. चार दहाचं टपाल निघालंच. म्हणून आज, नवव्या दिवशी, तिनं कळफलकाला दिवसभर हात लावला नव्हता. दोन केबी.

दहाव्या दिवशी तिनं साताऱ्याला बहिणीला, कीर्तीला, लांबलचक पत्र लिहिलं. भरल्या वांग्याच्या मसाल्यापासून शेजारच्या भांडणापर्यंत सगळं. चार दहाला चौदा केबी गेले.

चोर यंत्रातलं काही नेत नव्हता. ती लिहायची तेच नेत होता; काल न लिहिता गेलं ते नुसतं रिकामं पाकीट होतं.

अकराव्या दिवशी सकाळी कारखान्याची मेल आली. जागा अजून रिकामी होती, परवा दहा वाजता या. मधुमतीनं 'येते' असं उत्तर लिहिलं. चार दहाला तो होकारही निघून गेला. आता दुसरा नकार कधीही जाऊ शकत होता.

बाराव्या दिवशी दुपारी तीनला, तिनं बोलावल्यावरून, निमिष भैया आला. त्याचं राजा पार्कला दुकान होतं, आणि हा संगणक त्यानंच जोडून दिला होता. मधुमतीनं त्याच्यापुढं वही ठेवली. त्यानं पानं उलटली आणि कानामागं खाजवलं.

"भाभीजी, आप तो सीआयडी निकलीं."

"वायरस है क्या?"

"नहीं." तो वहीतून मान वर काढेना. "साहब ने डलवाया था. दिवाली के टाइम. बोले, घर की सेफ्टी है. आप जो भी टाइप करो, पासवर्ड भी, रोज उनके ऑफिस की मेल पर जाता है."

मधुमतीनं वही त्याच्या हातातून घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रश्नचिन्हं पाहिली.

"निकाल दूँ?" निमिष म्हणाला. "दो मिनट का काम है."

"आज रहने दो, भैया. कल निकालना. आज एक डाक जानी है."

त्याला चहा देऊन तिनं वाटेला लावलं. मग कारखान्याला फोन केला आणि पावणेचारला संगणकापुढं बसली. एक कोरं पान उघडलं. बारा वर्षांत तिनं उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आज ते कचेरीच्या रीतीनं, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, टाइप केलं.

'दि. २१ फेब्रुवारी २००७. प्रति, श्री. जयंत पंडित यांस. विषय : माझ्या नावाने आपण पाठविलेला नकार. उद्या सकाळी दहा वाजता मी सीतापुरा येथे मुलाखतीस जात आहे. तसे कारखान्यास फोनवर कळविले आहे. माझ्या नावाचे दुसरे कोणतेही पत्र ते ग्राह्य धरणार नाहीत. आपले काही म्हणणे असल्यास साडेसहाला घरी येऊन तोंडी सांगावे.'

पाठवायचं बटण तिनं शोधलं नाही. पान जपूनही ठेवलं नाही. हात मांडीवर घेतले आणि दिव्याकडं बघत राहिली.

चार वाजून दहा मिनिटांनी दिवा लुकलुकला. तीन केबी.

तिनं वही ओढली, वेळ लिहिली, वजन लिहिलं. आणि अकरा प्रश्नचिन्हांच्या खाली, 'कोणी पाठवलं' या रकान्यात, ठसठशीत अक्षरांत लिहिलं : मधुमती.