पोलादी पाचजणी

संपादकांनी चित्रकथेचं शेवटचं पान तिच्यासमोर सरकवलं. "हे काय काढलंय, बाई?"

"तुम्ही सांगितलेला अंक," चित्रकार म्हणाली.

'पोलादी पाचजणी' तीच काढत आली होती. अंगात हत्तीचं बळ, छातीवर देशाचा झेंडा. परग्रहावरची सैन्यं त्यांनी हातोहात लोळवली होती. या खेपेला शत्रू घरातलाच हवा, असा वरून निरोप आला होता. सरकारी दवाखान्यासमोर संपावर बसलेल्या नर्सना पाचजणी हुसकावून लावतात, अशी गोष्ट ठरली होती.

पानावर पाचजणी रस्त्यावर उतरल्या होत्या खऱ्या. पण त्यांची पाठ नर्सकडे होती आणि तोंड पोलिसांच्या लाठ्यांकडे.

"देशासाठी लढतात या बायका," संपादक समजुतीच्या सुरात म्हणाले.

"म्हणूनच तिथं उभ्या आहेत."

"तुमची थोरली बहीण त्या संपात आहे, म्हणून हे चाललंय."

"अख्ख्या वॉर्डाला रात्रभर एकच नर्स ठेवतात, साहेब. ताई नसती तरी हेच काढलं असतं." तिनं पान आपल्याकडे ओढलं. "कदाचित उशिरा काढलं असतं."

"ठीक आहे. दुसरं कुणी काढेल."

"काढू दे. हे पान माझं आहे."

तिनं पानाची गुंडाळी केली आणि जिना उतरली. पोटापाण्याचं काम आपणच सोडून आलो, हे रस्त्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं. पण पाय मागे वळले नाहीत.

दवाखान्याच्या फाटकाशी ताई भर उन्हात बसली होती. घोषणा देऊन देऊन तिचा घसा बसला होता. पान पाहून ती उठून उभी राहिली. मलमपट्टीची चिकटपट्टी तिनं दातांनी तोडली आणि दोघी बहिणींनी पान फाटकावर चिकटवलं. नर्स भोवती गोळा झाल्या.

"ही पाचजणींची कप्तान थेट आपल्या मेट्रनबाईंसारखी दिसते," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तेवढ्यात आतून पहारेकरी आला. पान फाडून आण, असा दवाखान्याच्या साहेबांचा हुकूम होता. बायका बाजूला झाल्या नाहीत, तेव्हा तो वाट काढत पुढे आला. त्यानं हात उचलला. मग पहिल्या चौकटीपासून, ओठ हलवत, सगळं पान वाचलं. हात तसाच खाली आला.

"पुढे काय होतं?" त्यानं हळूच विचारलं.

चित्रकार उत्तर जुळवू लागली. तोवर बसक्या आवाजात ताईच म्हणाली, "त्या हलत नाहीत."