हॉटस्पॉटचा पल्ला

लॅपटॉपवर तिचा चेहरा पुन्हा थिजला, तशी तिने मुलांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि भावाला फोन लावला. पालकांची आणखी एक तक्रार आली, की ही ऑनलाइन शिकवणी गेलीच म्हणायची.

"ताई, तुझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कोण कोण फुकट जेवतंय, ते आधी बघ."

तिने पाहिलं. "माझा लॅपटॉप. आणि तुझ्या भाऊजींचा."

"घ्या. घरात चालू ठेवून साहेब ऑफिसला गेले."

नवरा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून, डबा आणि लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडला होता. दार तिनेच लावलं होतं.

"हॉटस्पॉट किती लांब पोचतो रे?"

"तुझ्या त्या जुन्या मोबाइलचा? फार तर दाराबाहेरच्या जिन्यापर्यंत. काढून टाक त्यांना, मग बघ नेट कसं पळतं."

"राहू दे."

"अगं, मग मुलांना काय सांगशील?"

"आज नुसता आवाज येईल म्हणून सांगते."

तिने कॅमेरा बंद केला. मग मोबाइल टेबलावरून उचलला आणि दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवला.