आबांचा खडक

विमानाने जमीन सोडताच आबांनी डोळे गच्च मिटून घेतले. बेंगळुरूच्या नातवाला मासे गरवायला शिकवणार म्हणून घेतलेल्या गळाच्या दोन्ही काठ्या तपासणीवाल्यांनी सामानात पाठवल्या होत्या, त्यामुळे घट्ट धरायलाही हातात काही उरलं नव्हतं. खिडकीशी बसलेल्या लवूला हसू आलं. जन्म दर्यावर काढलेला आपला बाप, आणि आभाळाला भ्यायला!

विमान समुद्रावर वळलं. खाली सकाळचं नितळ पाणी होतं आणि पाण्याखाली एक भलामोठा काळा खडक. किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की आबा होडी थांबवायचे, ती हीच जागा.

"आबा, तुमचा खडप दिसता!"

"वासरू बसलाहा मां? मान मागे वळवून?"

लवू बघतच राहिला. वरून खडकाचा आकार वासराचाच होता.

आबांची रिकामी बोटं हवेतला दोर अलगद ओढू लागली. "मानेखाली भेग आसा बघ. तांबोशी मासळी थयसरच गावता."

लवूने काचेला कपाळ टेकवलं. भेग होती, अगदी मानेखाली. आबांनी तो खडक साठ वर्षं नुसत्या गळाच्या दोराने चाचपला होता, आणि आत्ताही त्यांचे डोळे मिटलेलेच होते.