वाघाची वायर

"लालमंदी लाल, पांढऱ्यामंदी पांढरी. तीस वर्षं लग्नाचे भोंगे लावून राह्यलो मी, वहिनी. टेन्शन नका घेऊ!"

जहांगीरनं टीव्हीमागून डोकं काढलं आणि जुन्या होम थिएटरचं बटण दाबलं. खोलीभर बसलेली माणसं पुढे सरकली. आणि वाघानं डरकाळी फोडली.

साधीसुधी नाही. पाचही स्पीकरमधून, खिडकीच्या काचा थरथरतील अशी. गुडघे दुखतात म्हणून दोघींनी धरून आणलेली शेजारची सोजराबाई एकटीच उठून बाहेरच्या ओट्यावर पोचली. भिंतीवरच्या नव्या चपट्या टीव्हीत मात्र एक साहेब हरभऱ्याच्या पेरणीबद्दल शांतपणे ओठ हलवत होते.

"पेनड्राइव्ह!" रुख्मिणी ओरडली. "काढा न तो पेनड्राइव्ह!"

होम थिएटर कापसाला चांगला भाव लागला त्या वर्षीचं. गाण्यांची हौस फिटल्यावर ते शेतातल्या खोपडीत गेलं आणि रानडुकरं पळवायला वाघाचा आवाज काढू लागलं. आज त्याला धूळ पुसून घरी आणलं होतं. साडेसहाच्या शेतीच्या कार्यक्रमात रुख्मिणी दिसणार होती. मागच्या आठवड्यात चिखलीच्या मेळाव्यात टीव्हीवाल्यांनी तिला गाठलं होतं आणि बोंडअळीवर बोलतं केलं होतं. ते तिच्या नवऱ्याला, पंजाबरावाला, ऐकू यायला हवं होतं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रापाशी वीस वर्षं उभं राहून त्याचे कान गेले होते. लेकीनं धाडलेल्या नव्या टीव्हीचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. ह्या जुन्या डब्याचा तेवढा पोचायचा.

"काय बोलली तू, सांग तर खरी," तो आठवडाभर विचारत होता.

"ऐकसान तवाच समजन!" ती दर वेळी ओरडायची, आणि ते तीन गल्ल्यांना समजायचं.

पेनड्राइव्ह निघाला. वाघ गेला, पण त्याच्यासोबत डब्याचा सगळाच आवाज गेला. जहांगीर बॅटरी घेऊन पुन्हा टीव्हीमागे शिरला आणि बाहेर आला तो कपाळावर हात मारतच.

"हात तिच्या! हे लाल-पांढरे भोकं आवाज घेनारे हायेत, देनारे नाहीत."

"मंग देते कोन?"

"हेडफोनचं भोक. पन त्याले येगळी वायर लागते. एका तोंडाले पिन, दुसऱ्याले लाल-पांढरं."

तशी वायर रुख्मिणीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पेनड्राइव्ह यायच्या आधी वाघ मोबाइलमधून, त्याच वायरीतून गरजायचा. ती अजून खोपडीतच खिळ्याला टांगलेली होती. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आलीच मी," ती म्हणाली आणि निघालीच.

जिला टीव्हीवर पाहायला निम्मी गल्ली जमली होती ती बाई कॅमेऱ्यापुढं नेसलेलं तेच हिरवं लुगडं खोचून शेताकडच्या पांदणीनं पळत होती. पायात चप्पल होती की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. दोन जाहिराती झाल्या आणि पडद्यावर ती आलीच. मागे मंडप, हातात माईक, चेहरा घामेजलेला. आवाज मात्र डबीत अडकलेल्या माशीएवढा. पंजाबरावानं होम थिएटरच्या मोठ्या डब्यावर तळवा ठेवला होता आणि तो पडद्याकडे टक लावून बसला होता.

"अवो रुख्मिणे, लवकर ये!" ओट्यावरून सोजराबाई ओरडली.

गळ्यात वायर घातलेली रुख्मिणी धापा टाकत दारात आली. जहांगीरनं वायर ओढून घेतली, पिन खुपसली, लाल-पांढरी तोंडं बसवली. कडकड झाली आणि टीव्हीतल्या रुख्मिणीचा आवाज घरभर भरला.

"...बोंडअळी मला नाही कळली, साहेब. आमच्या मालकांना कळली. ते शेतात सापळे टांगतात आणि त्यात अडकलेले अळीचे पतंग रोज सकाळी मोजतात. त्यांना ऐकू येत नाही, पण कपाशीचं दुखणं त्यांना माझ्याआधी समजतं. एका सापळ्यात आठ पतंग निघाले, त्याच दिवशी ते म्हणाले, आता फवारायचं. म्हणून आमचं पीक वाचलं."

"हे कोनाची भाषा बोलून राह्यली वो?" सोजराबाई पुटपुटली.

पंजाबरावाच्या कपाळाला आठी पडली.

"अकरा!" तो टीव्हीवर गरजला. "आठ काऊन सांगतं? अकरा होते!"

मग जहांगीरनं दोन्ही हात वर केले. "आलं! भाऊले ऐकू आलं!" आणि असा हशा उसळला की पुढचं टीव्हीवरचं कुणालाच ऐकू गेलं नाही.

रुख्मिणी पदरानं तोंड पुसत दारातच उभी होती. हे ती घरात कधी बोलली नव्हती. बहिऱ्या माणसाशी कामापुरतंच ओरडावं लागतं: जेवा, दार लावा, मोटार बंद करा. कौतुक काही ओरडून करता येत नाही. तिला लाजही वाटत होती आणि आनंदानं हसूही आवरत नव्हतं.

"आयकू आलं वाटते!" ती ओरडली.

पंजाबरावानं चेहरा कोरा ठेवला. "कुठी? काईच नाई आलं. तू सांग बरं पुन्हा."

ती येऊन त्याच्याजवळ, त्या डब्याला टेकून बसली. ओरडली नाही. त्याला ओठ दिसतील अशी वाकून हळूच म्हणाली, "माहे मालक रोज पतंग मोजते. आठ होते."

"अकरा," तो म्हणाला.