शेवटचा सराव पाठ

केळुसकर बाई निरीक्षण वही उघडून मागच्या बाकावर बसल्या आणि शलाकाने फळ्यावर कालचीच तारीख लिहिली. बी.एड.चा हा तिचा शेवटचा सराव पाठ. आधीच्या पाठावर बाईंनी शेरा मारला होता, ‘मानसशास्त्र पेपरात उत्तम, वर्गात शून्य.’ आज तसंच झालं, तर वर्ष वाया जाणार होतं.

अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली. एरवी तोंडही न उघडणारी सुगंधा वही घेऊन पुढे आली आणि म्हणाली, “आई, हे बरोबर आहे का?”

अख्खी पाचवी खदखदून हसली. सुगंधाने वहीत तोंड लपवलं. पाठाच्या टाचणात यावर काहीच नव्हतं. पण मूल घरची माया आणि घरचा धाक शिक्षकात शोधतं, यावर शलाकाने पेपरात दोन पानं लिहिली होती.

“अगदी बरोबर आहे, बाळा,” ती म्हणाली. “आईला दाखवलंस, आता फळ्यावर या टवाळांनाही दाखव.”

सुगंधाने गणित सोडवलं. मग भराभर हात वर झाले. “आई, आता मी!” कुणीतरी मुद्दामच ओरडलं, तेव्हा शलाकाही हसली.

तास संपला. मुलं बाहेर पळाली. केळुसकर बाई पुढे येऊन चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “फळा पुसायचा राहिला.”

“विसरले गं, आई!” म्हणून शलाकाने जीभ चावली.

बाईंनी शांतपणे जुन्या शेऱ्यातलं ‘शून्य’ खोडलं.

“पूस मग, बाळा. आणि सकाळपासून काही खाल्लंयस का?”