बाजूला हो, लाट झाकतेय!

समुद्र दिसला की दातांच्या डॉक्टरांना घरच्या माणसांची अडचण व्हायची. "बाजूला हो गं, लाट झाकतेय!" असं बायकोला हटकत त्यांनी सुट्टीभर फोटो काढले आणि घरी येताच सासुरवाडीच्या ग्रुपवर धबाधबा ओतले.

सासूबाईंनी विचारलं, "समुद्र झकास आहे, जावईबापू. पण आमची लेक कुठेय?"

डॉक्टर चपापले. एकेक फोटो मोठा करून बघता बघता एकात, दूर लाटांमध्ये, बायकोचं डोकं सापडलं. जीव भांड्यात पडला. तोच फोटो पुन्हा टाकून त्यांनी ऐटीत लिहिलं, "नीट बघा ना आई, मी तर तिला पाण्यातच बघतोय!"



सासूबाईंचं उत्तर लगेच आलं, "ते लग्नापासून ठाऊक आहे हो. मी फोटोतलं विचारलं."